पाणी दाट करणारी पावडर: कोणता डबा घ्यावा आणि कशासाठी

पाण्यात घालायची पावडर पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी महाग असते, आणि ती नुसतं पाणी पिता यावं म्हणून घ्यावी लागते, हे मला साठीनंतर कळलं. आता दोन जातींचे डबे वापरून झाले आहेत, तेव्हा लिहायला हरकत नाही. कंपन्यांची नावं मुद्दाम टाळतो. या दोन्ही जाती वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात, आणि खरा फरक नावात नसून डब्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेल्या घटकांत असतो.

आधी माझं थोडक्यात. मेंदूचा झटका येऊन गेला. हात-पाय कामाला लागले, बोलणंही बऱ्यापैकी परतलं, पण घसा काही वठणीवर येईना. पाण्याने ठसका, चहाने ठसका, हुमणाच्या, म्हणजे माशाच्या कालवणाच्या, पातळ रसाने तर डोळ्यांत पाणी. मला स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं तेव्हा वाटलं, उच्चार सुधारायला पाठवताहेत. गिळण्याचं खातंही त्यांच्याचकडे असतं हे तिथे गेल्यावर कळलं. एक्स-रेत उठून दिसणारं बेरियम मिसळलेले घोट गिळायला लावून एक्स-रेचा व्हिडिओ काढला. त्यात माझ्या डोळ्यांनी पाहिलं: पातळ द्रव जिभेवरून इतक्या झपाट्याने खाली उतरतो, की श्वासनलिकेचं दार मिटायच्या आत त्यातला थोडा भलत्या वाटेला लागतो. दाट द्रव सावकाश उतरतो, दाराला मिटायला वेळ मिळतो. एका घोटाला तर मला ठसकाही आला नव्हता आणि तरीही तो आत शिरलेला दिसला. हा न ठसकणारा प्रकार जास्त वाईट. अन्नपाणी असं गुपचूप फुफ्फुसात जात राहिलं तर न्यूमोनिया होतो आणि मग सगळं परत पहिल्यापासून.

निकाल लागला तो असा: पेयं लेव्हल २, जेवण लेव्हल ५. हे आकडे जगभर मानल्या जाणाऱ्या एका पट्टीतले आहेत, तिचं नाव आयडीडीएसआय. ० म्हणजे साधं पाणी, ७ म्हणजे नेहमीचं जेवण. कोणाला कोणती लेव्हल ते तपासणी करणाऱ्याने ठरवायचं. माझी लेव्हल बघून तुमच्या वडिलांना पाणी देऊ नका.

मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान प्रयोगशाळेत सहाय्यक होतो. मोजपात्र आणि स्टॉपवॉच हाताशी असल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही, आणि या पट्टीची गंमत अशी की ती मोजता येते. १० मिलीची सिरिंज घ्यायची, सुई नको. दट्ट्या काढायचा, सिरिंजच्या खालच्या तोंडावर बोट धरून १० च्या खुणेपर्यंत पेय भरायचं, बोट काढायचं आणि १० सेकंदांनी परत लावायचं. उरलेलं वाचायचं. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर ते पाणीच. १ ते ४ उरलं तर लेव्हल १, ४ ते ८ तर लेव्हल २, ८ पेक्षा जास्त तर ३. एक थेंबही गळला नाही तर ४, मग ते पेय राहिलं नाही, चमच्याने खायचं झालं. एक सूचना: सगळ्या सिरिंजा सारख्या नसतात. ० ते १० या खुणांमधलं अंतर पट्टीने मोजा, ते ६१.५ मिलिमीटर हवं. औषधाच्या दुकानात मी पट्टी घेऊन उभा राहिलो तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे असं काही पाहिलं की काय सांगू.

आता डबे.

पहिला डबा स्टार्चचा. लेबलवर 'मॉडिफाइड मेझ स्टार्च' किंवा 'कॉर्न स्टार्च' असं लिहिलेलं असतं. दुसऱ्यापेक्षा स्वस्त. पेल्यात घातला, ढवळला, पाणी गढूळ झालं, दाट झालं. ठीक. पण थोड्या वेळाने आलो तर आणखी दाट. दाट होत राहणं ही स्टार्चची खोडच. सकाळी लेव्हल २ म्हणून भरून ठेवलेला तांब्या दुपारी ३ निघाला. आणि चव. शिजवताना कच्चा राहिलेल्या मैद्याची ती एक चव असते ना, ती प्रत्येक घोटात.

याहून मोठी गोष्ट चवीची नाही. आठवीच्या मुलांना लाळेचा प्रयोग दाखवायची तयारी मी आयुष्यभर केली: स्टार्चच्या द्रावणात आयोडीनचा थेंब टाकला की निळंकाळं, आणि त्यात लाळ मिसळून थोडा वेळ ठेवलं की आयोडीन टाकूनही निळं होत नाही, कारण लाळेतल्या अमायलेजने स्टार्च फोडलेला असतो. तोच प्रयोग मी स्वयंपाकघरात केला. पहिल्या डब्याने दाट केलेल्या पाण्यात चमचाभर लाळ मिसळून ठेवली, आणि बघता बघता वाटीतलं पाणी पाण्याच्या वळणावर गेलं. म्हणजे सिरिंजमध्ये लेव्हल २ भरणारं पेय तोंडात थोडं रेंगाळलं, किंवा तोच चमचा पुन्हा पुन्हा पेल्यात बुडवला, तर घशापाशी पोचेपर्यंत ते २ राहीलच असं नाही. माझ्यासारखं तोंडात घोट घोळवत बसणाऱ्याला हे चालणार नाही.

दुसरा डबा गमचा. लेबलवर 'झँथन गम' आणि बहुधा जोडीला 'माल्टोडेक्स्ट्रिन', म्हणजे स्टार्चपासून केलेली, पचून साखर होणारी पूड. झँथन गम हा एका जिवाणूकडून साखर आंबवून घेतात. अमायलेजचं त्याच्यापुढे काही चालत नाही. तीच वाटी, तीच लाळ, तेवढाच वेळ. दाटपणा जागच्या जागी. पाणी पारदर्शक राहतं, दिसायला पाणीच दिसतं, त्यामुळे पाहुण्यांसमोर पेला धरायला संकोच वाटत नाही. सकाळी केलेलं दुपारीही तेवढंच दाट. चव जवळजवळ नाही, पण जिभेला जे जाणवतं ते मात्र सांगायलाच हवं: घशातून गोगलगाय सरकावी तसं ते पाणी उतरतं. ही पहिल्या दिवशी म्हणाली, "हें उदक तुमी पियेतात काय खातात?" प्रश्न रास्त होता. तहान भागल्याची जी एक खूण घशाला मिळते, ती या पाण्याने मिळत नाही. याची सवय होते म्हणतात. मला झालेली नाही, मी चालवून घेतो.

गुठळ्यांबद्दल. डब्यावर जी रीत लिहिली असेल तीच पाळा, कारण दोन पावडरींच्या रीती उलट असू शकतात. माझ्या गमच्या डब्याची रीत अशी की आधी कोरड्या पेल्यात पावडर, मग त्यावर पाणी, आणि लगेच काट्याने भराभर ढवळणं. उलट केलं की वर पांढरे गोळे तरंगतात, आणि असा गोळा गिळणं म्हणजे ज्या संकटापासून पळतोय त्याच्याच दारात जाणं. दुसरं, दाट झालं नाही असं वाटून लगेच आणखी एक चमचा घालू नका. दोन-तीन मिनिटं थांबा. दुधात तर त्याहून जास्त, दूध फार उशिरा दाटतं आणि मग एकदम दाटतं. सोड्याच्या पेयांत फेस येतो, त्या वाटेला मी जात नाही.

हिशेब. माझ्या डब्यात १२५ ग्रॅम पावडर आहे आणि सोबतचा चमचा १.२ ग्रॅमचा, म्हणजे शंभराहून थोडे जास्त चमचे. माझ्या लेव्हलला १०० मिलीला एक चमचा. दिवसाला दीड लिटर दाट करायचं म्हटलं तर १५ चमचे, म्हणजे डबा आठवडाभर. महिन्याला चार डबे, आणि हे महिने संपतील कधी हे कोणी सांगत नाही. पेन्शनीत हा आकडा बोचतो. म्हणूनच माझा खरा मुद्दा पुढे आहे: ही पावडर पेयांसाठी घ्या, जेवणासाठी नको.

घरच्यांची सुरुवातीला समजूत अशी झाली की दाट झालं म्हणजे पोटभर झालं. माणूस दिवसभर काहीतरी पितोय, पोट फुगलंय, नको नको म्हणतोय, म्हणजे भरलं असणार. भरतंय ते पाण्याने. त्या पावडरीत पोषण जवळपास शून्य. ६२ किलोचा मी ५४ वर आलो तो उपाशी राहून नव्हे, दाट पाण्याने आणि पातळ पेजेने पोट भरून. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे मला रोजची साठेक ग्रॅम. वाटीभर पेजेत मिळतात दोनेक ग्रॅम. पेज खाऊन साठचा आकडा गाठायचा तर आमच्या विहिरीवर पंप बसवावा लागेल.

पेजेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण गोव्यात कोणी आजारी पडलं की पहिली पेजच पुढे येते, आणि गिळण्याचा त्रास असलेल्याला ती जशीच्या तशी देणं धोक्याचं. उकड्या तांदळाच्या पेजेत दोन वेगळे पदार्थ एका वाटीत असतात: पातळ निवळ आणि अख्खी शितं. शीत चावायला तोंड थांबतं, तेवढ्यात निवळ घशात उतरून जाते. पातळ आणि घट्ट असं एकत्र असलेलं सगळंच यात येतं. रसात भिजवलेला भात, दुधात भिजवलेलं बिस्किट, मलईसकट शहाळं, कलिंगड. कलिंगड चावलं की तोंडात पाणीच होतं. आइसक्रीम आणि जेलीही तोंडाच्या उबेने वितळून पाणी होतात, त्यामुळे 'मऊ आहे, दे त्यांना' हे चालत नाही. पावाचं तर मी नावच काढत नाही. उंडो भिजवला तरी तोंडात कणकेचा गोळा होतो आणि टाळूला चिकटतो. गोव्यात राहून पाव बंद, यावर वेगळा लेख होईल.

पेज आम्ही सोडली नाही, बदलली. तांदळाइतकीच मूगडाळ घालून मऊ शिजवायची, गरम असतानाच मिक्सरच्या लहान भांड्यात तुपाबरोबर फिरवायची आणि चाळणीतून गाळून घ्यायची. तूप नुसतं चवीला नाही. शिजलेला तांदूळ फिरवला की त्याची खळ होते आणि घशाला चिकटते, तुपाने तो चिकटपणा मोडतो. चमचाभर तुपातून ४५ कॅलरी मिळतात ते वेगळं. तयार झालं की चमचा तिरका करून बघायचा. गोळा चमच्यावरून अलगद सुटला आणि चमच्यावर फारसं काही उरलं नाही तर ठीक. चमच्याला धरून बसला तर आणखी थोडं तूप, थोडं गरम पाणी.

नाचणीचं तिझान मात्र जसं होतं तसंच चाललं, आणि मी तर म्हणेन कुठल्याही पावडरीपेक्षा ते वरचढ आहे. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळलेलं दूध, नारळाचा पहिला दाट रस, गूळ, किंचित मीठ, वेलची. गाळलेलं असल्यामुळे कणी नाही, चमच्यावर डौलाने बसतं. त्यात ही आता दुधाची पावडर मिसळते. ३० ग्रॅम स्निग्धांशरहित दुधाच्या पावडरीत दहाएक ग्रॅम प्रथिनं येतात आणि वाटीचा आकार वाढत नाही. गिळायला ज्याला वेळ लागतो त्याच्या आहाराचं सगळं गणित याच एका गोष्टीवर आहे: वाटी लहान ठेवायची आणि तिच्यात जास्तीत जास्त कोंबायचं. अर्ध्या तासात मी थकतो. त्यानंतरचा घास पोटात जाण्यापेक्षा वाट चुकण्याचीच शक्यता जास्त. एक लक्षात ठेवा, तिझान गरम असताना सैल असतं आणि निवल्यावर घट्ट होतं. मोजायचं ते ज्या उबेला खाणार त्या उबेला.

नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, जेवण म्हणजे शिक्षा, हे इथे समजावून सांगायला नको. काट्यांमुळे तारले आणि पेडवे गेले, बांगडाही हिने बंद केला. विसवणाचा (सुरमईचा) तुकडा चालतो, मोरी (लहान शार्क) त्याहून बरी, तिला बारीक काटेच नसतात. शिजलेलं नुस्तं हाताने कुस्करून, बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपून, हुमणाच्या दाट रसात कालवायचं. कण केवढा हवा? जेवणाच्या काट्याच्या दोन दातांमधली फट साधारण ४ मिलिमीटर असते. कण त्या फटीतून जायला हवा, आणि काट्याने दाबला की बोटाच्या जोराने मोडायला हवा. लेव्हल ५ म्हणजे हेच. कोरडा तुकडा नको, रस वेगळा वाहताही नको. हुमणाचं वाटप गंधासारखं बारीक करावं लागतं, नाहीतर खोबऱ्याचा चोथा घशात अडकून बसतो. सुंगटं, म्हणजे कोळंबी, रबरासारखी चिवट, ती वाटूनच. १०० ग्रॅम नुस्त्यात वीसेक ग्रॅम प्रथिनं, दोन अंड्यांत १२, अर्धा लिटर दुधात १६. साठ गाठायला मग फार खटपट लागत नाही. खटपट १ जूनला सुरू होते. ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, त्याला लागून श्रावण, मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. आमच्या घरी श्रावणात अंडंही चुलीवर चढत नाही. त्या दिवसांत वाटलेलं पनीर, मुगाचं गाळलेलं कढण आणि ती दुधाची पावडर, यांच्यावरच गाडी चालली.

बाहेर खायचं तर माझा एकच पदार्थ, कॅरॅमल पुडिंग. गोव्यात ते कुठेही मिळतं, अंडी आणि दुधाचं असतं, मऊ आणि एकजीव असतं. खालचा पातळ पाक निथळून टाकायला सांगायचा. शेजारीच ठेवलेल्या सेरादुराकडे बघायचंही नाही, त्यात बिस्किटाचा कोरडा भुगा असतो. बेबिंक चिवट आणि चिकट, तेही नाही.

आता पावडर जिथे खरोखर उपयोगाला आली त्याबद्दल. पाणी, चहा, ताक, गाळलेलं पातळ वरण, आणि सोलकढी. सोलकढीसाठी मी हा डबा पुन्हा पुन्हा घेईन. आगळ (कोकमाचा रस) आणि नारळाच्या रसाची कढी गाळून घ्यायची, लसूण वाटूनच, मिरचीचे आणि कोथिंबिरीचे तुकडे नकोत. गमची पावडर घातली की आधी काहीच होत नाही, आंबटपणा आणि खोबऱ्याची स्निग्धता दोन्ही तिला रोखून धरतात. थांबायचं, पुन्हा ढवळायचं, मग ती वळते. रंग तसाच, चव तशीच. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, आंबट चवीने काही जणांचं गिळणं जरा लवकर सुरू होतं. माझ्या बाबतीत ते खरं असावं, किंवा मला सोलकढी आवडते एवढंच असावं. दाट पाण्याचा कंटाळा येतो तेव्हा दीड लिटर भरायला तिचाच आधार. कमी पाणी पिणं हा दाट पेयांवर असणाऱ्या माणसांचा मोठा त्रास आहे. लघवी पिवळी व्हायला लागली, बद्धकोष्ठ झालं, की समजा पाणी कमी पडतंय.

बद्धकोष्ठावरून आठवलं. पाण्यात विरघळवून घ्यायची एक पावडर डॉक्टर देतात, मॅक्रोगोल किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची. ती स्टार्चच्या पावडरीने दाट केलेल्या पाण्यात मिसळली की दाटपणा मोडतो आणि पातळ पाणी शिल्लक राहतं. मी पेल्यात करून पाहिलं, चमचा फिरवता फिरवता उतरलं. दोन्ही घेत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकत्र करू नका. गोळ्यांचंही तसंच. दाट द्रवातून घेतलेली गोळी विरघळायला वेळ लागू शकतो, आणि हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटून देणं चूक. प्रत्येक गोळीचं नाव घेऊन विचारा, सरसकट विचारू नका. मधुमेह असेल तर माल्टोडेक्स्ट्रिनची गोष्टही सांगा, दिवसाला १५ चमचे म्हणजे ते अगदीच नगण्य नसतं. ही पावडर मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांसाठी नाही. आणि डबा उघडा ठेवू नका. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने २०१५ मध्ये धोक्याची सूचना काढली होती, ती कोरडी पावडर तोंडात गेल्याने एक रुग्ण गुदमरून दगावल्यानंतर. ज्या घरात विसराळू म्हातारं माणूस आहे किंवा लहान मूल आहे, तिथे हा डबा औषधाच्या कपाटात, वरच्या फळीवर.

एवढं सगळं लिहूनही एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही ती मी सांगतो. पावडर घेतली म्हणजे न्यूमोनिया टळला असं नाही. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्मृतिभ्रंश आणि पार्किन्सनच्या ५१५ रुग्णांपैकी काहींना दाट पेयं दिली, काहींना हनुवटी खाली वळवून साधी पेयं. तीन महिन्यांत न्यूमोनियाच्या प्रमाणात ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही, आणि शरीरातलं पाणी कमी होण्याचे प्रकार दाट पेयं घेणाऱ्यांत जास्त निघाले. म्हणून ही पावडर 'कायमची' म्हणून कोणी लिहून दिली असेल तर परत तपासणी मागा. झटक्यानंतर कितीतरी जणांचा घसा काही आठवड्यांत सुधारतो आणि डबा मात्र सवयीने चालूच राहतो. माझ्या थेरपिस्ट बाईंनी मला जेवणांच्या अधेमधे साध्या पाण्याचे चमचे दिले आहेत. अट अशी की आधी दात आणि जीभ घासून तोंड स्वच्छ करायचं, ताठ बसायचं, एका वेळी एकच चमचा. स्वच्छ तोंडातून चुकून आत गेलेल्या पाण्यापेक्षा अस्वच्छ तोंडातले जंतू जास्त घातक, असा त्यामागचा विचार. त्या साध्या पाण्याच्या चमच्यासाठी मी दिवसातून इतक्या वेळा दात घासतो की ब्रशचे केस वाकले. पण हे त्यांनी मला तपासून दिलंय, वाचून कोणी घरी सुरू करू नये.

पैशांचा विचार करून सांगायचं तर: तोंडात घोट रेंगाळत असेल, पेय करून ठेवावं लागत असेल, तर गमचाच डबा घ्या, महाग असला तरी. स्टार्चचा डबा, केल्या केल्या पिऊन संपवणार असाल आणि थेरपिस्ट हो म्हणत असतील तरच. गमच्या डब्याला पाचपैकी चार, एक कापला तो त्या बुळबुळीतपणासाठी आणि किमतीसाठी. स्टार्चच्या डब्याला दोन. जेवण दाट करायला दोन्हीतला एकही घेऊ नका. डाळ, नाचणी, नारळ, अंडं यांच्यात दाटपणाही आहे आणि जीवही. एवढी सिरिंज मात्र हवीच, कारण घरचा दाटपणा रोज बदलतो.

पावसाळ्यात डब्याचं झाकण नीट लावा आणि चमचा कोरडा ठेवा. आमच्याकडच्या दमट हवेत पावडर धरून येते आणि मग चमच्याचं माप खोटं ठरतं. उघडल्यावर किती दिवसांत संपवायचा ते डब्यावर असतं, उघडल्याची तारीख झाकणावर पेनाने लिहा. छोट्या पुड्यांत मिळाली तर चार-सहा पुड्या खिशात ठेवायला सोयीच्या, लग्नाला किंवा जत्रेला गेल्यावर यजमानाच्या पेल्यातच काम होतं. दर ग्रॅममागे त्या महाग पडतात, म्हणून घरी डबा आणि बाहेर पुड्या. आणि डबा अर्धा झाला की पुढचा मागवा. आमच्या भागातल्या औषधाच्या दुकानांत तो फळीवर ठेवलेला नसतो, मागणी दिल्यावर येतो, आणि चवथीच्या आठवड्यात तर कुरिअरवालेही घरी गेलेले असतात.